दमा, सीओपीडी किंवा जुना फुफ्फुसाचा आजार असताना व्हायरल होऊन गेलं: नंतरच्या दोन महिन्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये व्हायरलची लाट वर्षातून साधारण दोनदा येते, एक पावसाळ्यात आणि दुसरी थंडीत. धडधाकट माणूस आठवड्याभरात कामाला लागतो. ज्याला आधीच दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका रुंदावून त्यांत कफ साठण्याचा आजार) किंवा आयएलडी (फुफ्फुस व्रणांनी जाड होण्याचा आजार) आहे, किंवा ज्याचा टीबी बरा होऊन मागे व्रण राहिले आहेत, त्याचं तसं होत नाही. ताप उतरतो, डॉक्टर घरी सोडतात, आणि मग एक लांबलचक काळ सुरू होतो. त्याबद्दल घरच्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. फुफ्फुसाच्या रुग्णांना श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम शिकवताना खालचे प्रश्न मला सतत ऐकायला मिळतात. माझं ठाम मत आहे की या रुग्णांच्या बाबतीत ताप गेल्यानंतरचे सहा ते आठ आठवडे हा उपचाराचाच भाग आहे, आणि बहुतेक घरांत तो वाया जातो.

कोणती लक्षणं दिसली तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं?

बाकी सगळं नंतर वाचा, हे आधी. बसल्या जागी धाप लागते आहे, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसताहेत, छातीत दुखतंय, थुंकीत रक्त आलंय, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे, नेहमीचा आराम देणारा पंप (इनहेलर) घेऊनही तासा-दोन तासांत पुन्हा तसंच होतंय: यातलं एकही दिसलं तर निघायचं.

आणखी एक खूण आहे, ती घरच्यांच्या हमखास नजरेतून सुटते. सीओपीडीचा रुग्ण दिवसाही गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, उठवलं तरी पुन्हा डोळे मिटतो. ‘थकलेत, झोपू द्या’ असं म्हणून सगळे शांत बसतात. प्रत्यक्षात रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो, आणि तो साठला की माणूस तडफडत नाही, नुसता झोपाळतो. अशी झोप आरामाची समजू नका.

108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवं करू नका, बसतं ठेवा आणि आराम देणारा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) द्या. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडच्या आतल्या पाड्यांवर राहणाऱ्यांनी ‘सकाळी बघू’ म्हणून रात्र काढू नये. तिथून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ताच वेळ खातो.

ताप जाऊन तीन आठवडे झाले, आईचा खोकला थांबत नाही. आत काही राहून गेलंय का?

बहुतेक वेळा विषाणू केव्हाच गेलेला असतो, त्याने केलेली मोडतोड दुरुस्त व्हायची राहिलेली असते. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर केसांपेक्षाही बारीक तंतू असतात. ते सतत हलत राहून कफ आणि धूळ घशाकडे ढकलत असतात. फ्लू, कोविड यांचे विषाणू आणि आरएसव्ही (सर्दी-खोकल्याचा एक विषाणू) नेमका याच अस्तरावर हल्ला करतात. तंतू असलेल्या पेशी गळून पडतात, खालच्या पेशींमधून नव्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर कफ वर सरकवायला खोकल्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. शिवाय अस्तर उघडं पडल्यामुळे आतल्या नसा हुळहुळ्या होतात. फोडणीचा ठसका, उदबत्ती, गार वारा, जोरात हसणं, एवढ्यानेही उबळ येते.

निरोगी माणसालाही असा खोकला तीन ते आठ आठवडे राहू शकतो. सीओपीडी असलेल्यांत किंवा ज्यांनी वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढली, चुलीपुढे बसून स्वयंपाक केला त्यांच्यात हे तंतू आधीच विरळ झालेले असतात, म्हणून वेळ जास्त लागतो. खोकला हळूहळू का होईना कमी होतोय ना, एवढं पाहा. आठ आठवडे उलटूनही तो आहे तसाच असेल तर पुढची तपासणी हवी. आपल्याकडे त्याआधीही एक गोष्ट करायची असते: खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी टीबीसाठी तपासून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. निघेल असं नाही, पण व्हायरलच्या नावाखाली टीबी दडून राहायला नको.

वडिलांना सीओपीडी आहे. त्यांचं फुफ्फुस पुन्हा पहिल्यासारखं होईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यासारखं म्हणजे कधीसारखं, हे आधी ठरवा. शेजारच्या त्याच वयाच्या गृहस्थांशी किंवा वीस वर्षांपूर्वीच्या वडिलांशी तुलना करून उपयोग नाही. आजारी पडण्याच्या महिनाभर आधी ते काय करत होते? अंघोळ मध्ये न थांबता होत होती का? एक जिना चढून किती वेळ थांबावं लागायचं? भाजी आणायला चालत जात होते की रिक्षाने? चार-पाच ओळी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आपल्याला तिथवर परत जायचंय. अशी नोंद नसली की घरात दोन टोकं दिसतात. कुणी ‘आता वय झालं’ म्हणून प्रयत्नच सोडतं, कुणी रोज ‘अजून का दम लागतो’ म्हणून घाबरतं.

नुसता दमा असेल आणि औषध नियमित असेल तर बहुतेक जण पूर्ववत होतात. नळ्या मात्र काही आठवडे चिडक्या राहतात, त्या काळात धूळ, धूर, व्यायाम यांनी पूर्वीपेक्षा लवकर छाती भरते.

सीओपीडीमध्ये श्वासाचा जोर बऱ्याच जणांचा आठवडा-दोन आठवड्यांत परत येतो. पण एक मोठा गट मागे राहतो. सीओपीडी बळावण्याच्या घटनांवर झालेल्या जुन्या आणि नावाजलेल्या अभ्यासात साधारण चारांतल्या एका घटनेनंतर पाच आठवडे झाले तरी फुंकरीचा जोर मूळ पातळीवर आला नव्हता, आणि थोड्या घटनांनंतर तीन महिन्यांनीही आला नव्हता. म्हणजे पाचव्या आठवड्यात दम लागत असेल तर तुमच्या वडिलांचं काही जगावेगळं चाललेलं नाही. मात्र एकदा असं बळावलं की पुढचे दोन महिने ते पुन्हा बळावण्याचा धोका जास्त असतो, आणि वारंवार तसं होत राहिलं तर दर वेळी थोडी पायरी कायमची उतरते. म्हणून मी या आठवड्यांबद्दल एवढी आग्रही आहे.

आयएलडीचं वेगळं आहे. तिथे फुफ्फुस व्रणांनी जाड झालेलं असतं, आणि व्हायरलनंतर कधीकधी तो आजारच झपाट्याने पुढे सरकतो. आयएलडीच्या रुग्णाला ताप गेल्यावरही दम रोज वाढत चालला असेल तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा. सिडकोतल्या किंवा नाशिकरोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत कबुतरं बसत असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे काहींच्या फुफ्फुसाला अशीच सूज येते, आणि तिचं कारण दूर न करता बाकी सगळे उपाय अपुरे पडतात.

ब्राँकिएक्टेसिस असेल तर कफाचा रंग आणि रोजचं प्रमाण यावर नजर ठेवा, तोच तुमचा मापदंड.

न्यूमोनिया बरा झाला म्हणतात, पण एक्स-रेत डाग दिसतोच आहे.

एक्स-रे माणसाच्या मागून येतो. माणूस हिंडूफिरू लागतो तरी डाग राहतो. वय जास्त आणि फुफ्फुस आधीच आजारी असेल तर तो पुसला जायला कित्येक आठवडे लागतात. दर आठवड्याला एक्स-रे काढण्यात अर्थ नाही. साधारण सहा आठवड्यांनी एकदा काढून डाग गेलाय याची खात्री करून घ्यावी. पन्नाशी उलटलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने हा एक्स-रे चुकवूच नये, कारण न जाणाऱ्या डागामागे कधी गाठ निघते.

आता बरं वाटतंय. पंप बंद करायचा का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त घसरगुंडी होते.

पंप दोन प्रकारचे असतात. एक लगेच आराम देणारा, धाप लागली की घ्यायचा. दुसरा रोजचा, सूज आटोक्यात ठेवणारा किंवा नळ्या दीर्घकाळ उघड्या ठेवणारा. याचा परिणाम त्या क्षणी जाणवत नाही, म्हणून लोकांना तो निरुपयोगी वाटतो. व्हायरलनंतर नळ्यांच्या आतली सूज उरलेली असते आणि रोजचा पंप नेमकं तिचंच काम करतो. तो सोडला की दहा-बारा दिवसांनी पुन्हा छाती भरते, आणि घरचे म्हणतात, ‘परत व्हायरल झालं.’

‘पंपाची सवय लागते’ ही भीती आपल्याकडे इतकी खोल आहे की लग्न ठरलेल्या मुलींच्या पर्समधून पंप काढून ठेवलेले मी पाहिले आहेत. रोजच्या पंपाचं व्यसन लागत नाही. तो बंद केल्यावर त्रास होतो कारण आजार जागेवर असतो, चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं तसा. डोस कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांनी, तपासून, आजार काही महिने शांत राहिल्यावर.

घेण्याची पद्धत एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. फवाऱ्याचा पंप असेल तर तो हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर तोंडात घट्ट धरायचा, एक फवारा मारून सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहापर्यंत मोजत रोखून धरायचा. कॅप्सूलचा पंप असेल तर उलट, जोरात आणि खोल ओढायचं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून महिनाभर औषध ‘घेतलेले’ लोक खरोखर भेटतात, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

घरी नेब्युलायझर (औषधाची वाफ करून देणारं मशीन) आहे. तोच वापरला तर चालेल ना?

पंप स्पेसरमधून नीट घेतला तर बहुतेकांना तेवढाच उपयोग होतो. खूप थकलेल्या, श्वास रोखून न धरता येणाऱ्या माणसासाठी नेब्युलायझर सोयीचा आहे. पण त्याचा मास्क आणि कप रोज धुऊन पूर्ण वाळवले नाहीत तर त्यातूनच जंतू छातीत जातात. आणि दिवसातून पाच-सहा वेळा मशीन लावावं लागत असेल तर तो डॉक्टरांकडे जायचा इशारा आहे.

ऑक्सिमीटरवर किती दिसायला हवं?

ऑक्सिमीटर बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवतो. निरोगी माणसाचे 96-98 आकडे डोक्यातून काढून टाका. जुन्या सीओपीडीच्या काही रुग्णांचं नेहमीचंच 91-92 असतं आणि त्यावर ते व्यवस्थित जगतात. स्वतःचा बरा असतानाचा आकडा माहीत हवा. त्यापेक्षा तीन-चारने खाली आला आणि तिथेच राहिला, किंवा 90 च्या खाली टिकून राहिला, तर फोन करा. ज्यांचा नेहमीचा आकडाच 90 च्या आसपास आहे त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

मोजताना पाच मिनिटं शांत बसा, हात ऊबदार करा, नखांची मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट वापरा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. दर अर्ध्या तासाला मोजू नका. त्याने फक्त घाबरगुंडी वाढते, आणि घाबरलं की श्वास आणखी उथळ होतो. दिवसातून दोनदा पुरे. त्यातलं एकदा थोडं चालून आल्यावर मोजा, कारण बसून चांगला असणारा आकडा चालल्यावर घसरतो का, हे कळणं जास्त महत्त्वाचं.

हॉस्पिटलमधून सोडताना घरी ऑक्सिजन मशीन लावायला सांगितलं. हे आता जन्मभराचं का?

बऱ्याच जणांचं नसतं. आजारात लागलेला ऑक्सिजन दोन-तीन महिन्यांत सुटू शकतो, म्हणून 60 ते 90 दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यायची असते. ही तपासणी कुणी आठवण करून देत नाही, आणि मशीन विनाकारण वर्षभर भाड्याने चालू राहतं. उलट ज्यांना खरोखर गरज आहे, त्यांनी दिवसाकाठी किमान 15 तास लावायला हवं. दम लागला की दहा मिनिटं लावून काढून ठेवण्यात काही फायदा नाही.

सीओपीडीत ‘जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगलं’ हे चुकीचं आहे. आजार बळावलेला असताना हॉस्पिटलमध्येही 88 ते 92 टक्क्यांचं लक्ष्य ठेवतात, कारण त्याहून वर नेलं तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. लिटरचा काटा स्वतःच्या मनाने फिरवू नका. मशीनजवळ विस्तव नको: देवघरातली समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांपासून चांगलं दहा फूट अंतर ठेवा आणि घरात कुणीही विडी पेटवू नये. खेड्यात वीज जाते, तेव्हा एक भरलेला सिलिंडर हाताशी ठेवा.

चालायला कधी सुरुवात करायची? घरचे पलंगावरून उठू देत नाहीत.

घरच्यांची माया समजते, पण या आजारात पलंग शत्रू आहे. आठवडाभर पडून राहिलं तरी मांड्यांची ताकद लक्षात येईल एवढी घटते. मांडी कमजोर झाली की तेवढंच अंतर चालायला जास्त प्राणवायू लागतो, म्हणजे जास्त दम लागतो, म्हणून माणूस आणखी बसून राहतो. व्हायरलनंतर महिनाभराने लागणाऱ्या धापेमध्ये पायांचा वाटा किती मोठा असतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

ताप गेला, बसल्या जागी श्वास ठीक आहे आणि आकडा नेहमीच्या आसपास आहे, की सुरुवात घरातच करा. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, पाच वेळा, दिवसातून तीनदा. मग घरातल्या घरात पाच मिनिटं सपाट चालणं. दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. वेग असा ठेवा की चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत श्वास पूर्वपदावर यायला हवा. दुसऱ्या दिवशी अंग पार गळून गेलं तर काल जास्त झालं, एक पाऊल मागे या. कोविडनंतर काहींना असं हमखास होतं, त्यांनी जोर लावू नये.

बाहेर पडायचं तर सुरुवातीला सपाट जागा निवडा: कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लब मैदान किंवा तुमच्या कॉलनीतली बाग. जागोजागी बसायला बाक हवेत. पांडवलेणीच्या पायऱ्या आणि चामरलेणी दोन महिन्यांनंतरच्या गोष्टी. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका. त्या वेळी गार हवेत शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा आणि गाड्यांचा धूर जमिनीलगत अडकलेला असतो. ऊन चांगलं वर आल्यावर निघा.

हॉस्पिटलात दाखल होऊन आलेल्या सीओपीडीच्या रुग्णाने सुट्टीनंतर चार आठवड्यांच्या आत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली फुफ्फुसाच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू करावा. सहा ते आठ आठवड्यांचा हा कार्यक्रम पुन्हा दाखल व्हायची वेळ कमी करतो आणि जगणं सुसह्य करतो. आपल्याकडे औषधाच्या चिठ्ठीवर तो लिहिलाच जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही स्वतः विचारा.

चालताना अचानक धाप लागली तर?

थांबा. पुढे वाकून हात गुडघ्यांवर, कट्ट्यावर किंवा काठीवर टेका, खांदे सैल सोडा. नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळात सोडा. सीओपीडीत श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर पडायला अडचण असते, चंबूमुळे नळ्या जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते. बॅटरीवर चालणारा छोटा हातपंखा चेहऱ्यावर धरला की धाप लागल्याची भावना कमी होते. स्वस्त आहे, खिशात ठेवा.

कपालभाती, प्राणायाम चालेल का?

सावकाश अनुलोम-विलोम, श्वास न रोखता, चालेल. कपालभाती आणि भस्त्रिका या दोन महिन्यांत नको. फुफ्फुसात हवेचे मोठे फुगे असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नको.

कफ छातीत घट्ट बसलाय, सुटत नाही. वाफ, काढा, ओव्याची धुरी?

धुरी बंद. ओवा असो, धूप असो की कापूर, धूर तो धूरच. बाळंतिणीच्या खोलीतली धुरीसुद्धा दम्याच्या आजीला भोवते. मच्छर कॉइल त्याच यादीत.

साध्या पाण्याची वाफ काहींना बरी वाटते, घ्यायला हरकत नाही. मात्र उकळतं पातेलं मांडीवर घेऊन डोक्यावर टॉवेल ओढण्याने भाजण्याचे प्रकार होतात, विशेषतः हात थरथरणाऱ्या वृद्धांना. पाण्यात तीव्र वासाचा बाम टाकला तर दम्याच्या नळ्या आवळू शकतात. आलं-तुळशीचा कोमट काढा घशाला आराम देतो, फुफ्फुसाच्या आत तो जात नाही. काढ्याच्या भरवशावर पंप थांबवू नका, एवढंच माझं म्हणणं.

कफ सुटायला खरी मदत होते ती तंत्राची. सरळ बसा, चार-पाच सावकाश श्वास घ्या, मग तीन वेळा खोल श्वास घेऊन दोन सेकंद थांबा. त्यानंतर आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडं ठेवून ‘हाऽऽ’ असा लांब जोरकस उच्छ्वास सोडा, एक-दोनदा. कफ वर आल्याचं जाणवलं की एकदाच खोका. फडाफड खोकत राहिल्याने दमच जातो. हे आराम देणारा पंप घेतल्यावर पंधरा मिनिटांनी, सकाळी आणि संध्याकाळी करा. पाणी पुरेसं प्या. हृदयासाठी पाण्यावर बंधन असेल तर तेच पाळा.

दही, केळी, भात बंद केलाय, बरोबर ना?

केळ्याने कफ होत नाही. दुधानेही कफ जास्त तयार होत नाही, फक्त थोडा वेळ घशात चिकट वाटतं. एखादी गोष्ट तुम्हाला स्वतःला बाधते असा अनुभव असेल तर टाळा, पण यादी करकरून पथ्य पाळत आजारानंतर वजन घटलेल्या माणसाची उपासमार करू नका. सीओपीडीत वजन आणि स्नायू घटणं हे स्वतःच मोठं संकट आहे.

मूग-मटकीची उसळ, अंडी, डाळ, पनीर, शेंगदाण्याची चटणी, चिकनचा किंवा मटणाचा रस्सा: प्रत्येक जेवणात यातलं एक तरी असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. पोट तुडुंब भरलं की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूला खाली सरकायला जागा राहत नाही आणि दम लागतो, म्हणून दोनाऐवजी पाच वेळा थोडं थोडं खा. एकादशी, चतुर्थीचे उपास या दोन महिन्यांत राहू द्या.

स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्यात, भीती वाटते.

सीओपीडी बळावल्यावर सहसा पाच दिवसांचा छोटा कोर्स पुरतो. सकाळी नाश्त्यानंतर घ्या, रात्री घेतल्या तर झोप उडते. मधुमेह असेल तर साखर वाढतेच, रोज तपासा. सांगितलेला कोर्स पूर्ण करा आणि तिथेच थांबा. तीच जुनी चिठ्ठी दाखवून दर थंडीत दुकानातून गोळ्या आणणं मात्र घातक आहे. हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो, जंतुसंसर्ग वाढतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ घेत असाल तर अचानक बंदही करू नका.

अँटिबायोटिक घ्यावं का?

विषाणूवर चालत नाही. सीओपीडीत कफ वाढून पिवळा-हिरवा झाला आणि दमही वाढला तर डॉक्टर ते देतात, तेव्हा पूर्ण घ्या.

द्राक्षबागेत, कांद्याच्या चाळीत किंवा कंपनीत कामावर कधी जाऊ?

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्यांचा सपाटा सुरू होतो, नेमका थंडीच्या व्हायरलच्या तोंडावर. अस्तर उघडं पडलेल्या नळ्यांवर औषधाचा फवारा किंवा गंधकाची धूळ गेली की आठवड्यांची सुधारणा एका दुपारी पुसली जाते. किमान सहा आठवडे फवारणी दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि ब्लोअर चालू असताना बागेत थांबू नका. साधा कापडी रुमाल काहीच अडवत नाही. एन95 मास्क धूळ अडवतो, पण औषधाची वाफ अडवत नाही, त्यासाठी फिल्टरच्या डब्या असलेला मास्क लागतो आणि तो घालून दम लागणाऱ्या माणसाला काम झेपत नाही.

कांदा निवडताना काळ्या बुरशीची भुकटी उडते. दमा, ब्राँकिएक्टेसिस किंवा टीबीनंतरची पोकळी असलेल्यांनी चाळ साफ करायचं काम अंगावर घेऊ नये. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत वेल्डिंग, रंगकाम, पॉलिशिंग करणाऱ्यांनी डॉक्टरांकडून लेखी घेऊन काही आठवडे दुसऱ्या विभागात काम मागावं. बैठं काम असेल तर दोन-तीन आठवड्यांत अर्ध्या वेळेने सुरू करता येतं.

घरातल्या बायकांच्या कामाला सुट्टी नसते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं लिहिते. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी असतो, तो चुलीच्या धुराने. मशेरी भाजतानाचा धूरही त्यातच. व्हायरलनंतर निदान दोन महिने चुलीपुढे दुसऱ्या कुणीतरी बसावं, गॅस असेल तर सिलिंडर ‘पाहुण्यांसाठी’ राखून ठेवू नये.

निफाडची थंडी सोसत नाही. काय करू?

निफाडला पारा काही वर्षी पाच अंशांखाली जातो, तिथे दम्याच्या माणसाला त्रास होणारच. बाहेर पडताना नाक-तोंड मफलरने झाका आणि नाकानेच श्वास घ्या. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका.

आजारानंतर धडधड होते, पायांवर सूज येते. हेही फुफ्फुसामुळे?

असेलही, पण हृदय तपासा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहा पट आढळला होता. सीओपीडीच्या अनेक रुग्णांना हृदयविकार असतोच. दम न सुटण्याचं कारण छातीच्या डाव्या बाजूला निघालं, असं कमी वेळा होत नाही. आराम देणारा पंप जास्त वेळा घेतल्यानेही धडधड होते, तेव्हा दिवसातून किती फवारे होतात ते मोजून सांगा.

कोणत्या लसी घ्यायच्या, आणि कधी?

फ्लूची दर वर्षी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली सोयीची. राहून गेली असेल तर थंडीआधी घ्या. न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची) लस डॉक्टरांच्या सल्ल्याने, बहुतेकांना ती दर वर्षी लागत नाही. नुकतंच व्हायरल झालं असेल तर ताप पूर्ण जाऊन तब्येत स्थिर झाल्यावर लस घेता येते. ‘एकदा होऊन गेलं, आता काय होणार’ असं नसतं, विषाणूंचे प्रकार अनेक आहेत.

स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी) लगेच करून घेऊ का?

सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी केली तर आजारातला तात्पुरता आकडा कायमचा समजला जातो. त्या भेटीला सगळे पंप, स्पेसर, जुन्या फाइली आणि फ्रिजवरचा तो कागद घेऊन जा, आणि डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा.

2027 च्या सिंहस्थात आई-बाबांना पर्वणीच्या स्नानाला न्यायचंय. दोघांनाही दमा आहे.

मागच्या 2015 च्या सिंहस्थातल्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होत्या, म्हणजे फ्लूच्याच दिवसांत, आणि 2027 मध्येही त्या पावसाळ्यातच आहेत. देशभरातून आलेली गर्दी, ओले कपडे, तासन्‌तास उभं राहणं आणि चालणं, हे सगळं एकत्र येतं. श्रद्धेच्या आड मी येणार नाही. पण मुख्य पर्वणीच्या दिवशीच रामकुंडावर जायचा हट्ट सोडता आला तर सोडा, सिंहस्थाचा काळ लांब असतो आणि आडदिवशी गोदावरी तीच असते. फ्लूची लस निदान दोन-तीन आठवडे आधी घेतलेली असावी, तिचा परिणाम सुरू व्हायला तेवढा वेळ लागतो. आधीच्या दोन महिन्यांत व्हायरल होऊन गेलं असेल आणि अजून जिना चढताना थांबावं लागत असेल, तर या वेळी घरी कलशात पाणी आणून स्नान घाला. जाणारच असाल तर आराम देणारा पंप आणि स्पेसर बाबांच्या स्वतःच्या खिशात असू द्या, मुलाच्या बॅगेत नको. गर्दीत ताटातूट झाली तर बॅग मुलाबरोबर जाते.